एकवीस की वीस एक? मराठी संख्यानामे, भाषाबोध आणि तर्क

प्रस्तावना

भाषा आणि विचार यांचा परस्परसंबंध हा मानसशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. मनुष्य ज्या भाषेत ऐकतो त्या भाषेची घडण त्याच्या तर्कव्यापारावर कितपत परिणाम करते, याची चर्चा बहुधा अमूर्त संकल्पनांच्या आधारे केली जाते. परंतु या प्रश्नाचे एक अगदी साधे उदाहरण महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात दरवर्षी पाहावयास मिळते. एक प्राध्यापक गुण वाचून दाखवितात, दुसरे ते तक्त्यात भरतात. 'एकोणसाठ' असा उच्चार झाला की लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. क्वचित तक्त्यात ६९ पडतात आणि बेरजेच्या वेळी सगळा तक्ता पुन्हा तपासावा लागतो. म्हणूनच अनेक ठिकाणी गुणवाचन करताना 'फाइव्ह नाइन' असे सुटे अंक इंग्रजीत वाचण्याचा प्रघात पडला आहे. आयुष्यभर मराठी बोललेल्या व पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या व्यक्तींची ही स्थिती असेल, तर इयत्ता दुसरीतील सात वर्षांच्या मुलावर हा शब्द ऐकून कोणता प्रसंग ओढवत असेल, याची कल्पना करता येते.

संख्या ऐकून अंकांत लिहिताना मुलाच्या मनात काय घडते, मराठी संख्यानामांच्या घडणीमुळे त्यात कोणत्या अडचणी येतात आणि सन २०१९ मध्ये महाराष्ट्रात या विषयावर जो वाद झाला त्यात कोणता भेद दुर्लक्षित राहिला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संख्यालेखनात चुकणारे मूल पुष्कळदा तर्कात चुकत नसते. ऐकलेल्या शब्दावरून त्याने केलेले अनुमान त्या शब्दाच्या घडणीशी सुसंगतच असते. या मुद्द्याभोवती हे विवेचन फिरते.

संख्यानाम म्हणजे एक छोटे अनुमान

फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहेन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार मनुष्याच्या मनात संख्येची तीन रूपे नांदतात. पहिले रूप अंकांचे, म्हणजे '२५' असे डोळ्यांना दिसणारे. दुसरे शब्दाचे, म्हणजे 'पंचवीस' असे कानांना ऐकू येणारे. तिसरे परिमाणाचे, म्हणजे पंचवीस वस्तूंचा ढीग केवढा असेल याची जाणीव. प्रौढ व्यक्तीच्या मनात या तीन रूपांमधील ये-जा इतकी सवयीची झालेली असते की तिथे काही क्रिया घडते याचेच विस्मरण होते. मुलाला मात्र ही प्रत्येक वाट स्वतंत्रपणे तयार करावी लागते.

'सत्तेचाळीस' हा शब्द ऐकून ४७ लिहिण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने पाहिली तर तिच्यातील श्रम लक्षात येतात. प्रथम शब्दाचे दोन भाग ओळखावे लागतात. 'सत्ते' म्हणजे सात आणि 'चाळीस' म्हणजे चार दशक. सात आधी ऐकू आले तरी ते लगेच लिहावयाचे नसते. ते मनात धरून ठेवावयाचे असते. चाळीस ऐकू आल्यावर त्यातून चार हा अंक काढून तो आधी लिहावयाचा आणि मग धरून ठेवलेले सात त्याच्या उजवीकडे मांडावयाचे. ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये ज्या कार्यकारी स्मृतीचे वर्णन केले, तिच्यावर येथे थेट भार पडतो. लहान मुलांत या स्मृतीची धारणक्षमता प्रौढांपेक्षा बरीच कमी असते.

संख्या शंभरापुढे गेली की गुंतागुंत वाढते. 'तीनशे सत्तेचाळीस' मध्ये शतक आधी येते, मग एकक, शेवटी दशक. कानांवर तीन, सात, चार या क्रमाने अंक पडतात आणि हाताला तीन, चार, सात या क्रमाने लिहावे लागते. काही मुले यावर स्वतःच तोडगा काढतात. ती सात आधी लिहून त्याच्या डावीकडे जागा मोकळी सोडतात आणि नंतर चार भरतात. वहीवर ही युक्ती चालते. गणकयंत्राच्या वा संगणकाच्या कळफलकावर ती चालत नाही. वर्गात अशी युक्ती करणाऱ्या मुलाला 'डावीकडून लिही' असे दटावले जाते, तेव्हा त्याने शोधलेला एक सयुक्तिक मार्गच बंद होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मराठी संख्यानामांची घडण

मराठी संख्यानामांच्या कठीणपणाविषयी सर्रास बोलले जाते, पण त्या एका कठीणपणात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यांचा स्वतंत्र विचार केल्याशिवाय पुढील चर्चा निरर्थक ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे उलटा क्रम. एकक आधी आणि दशक नंतर. दशकांची पूर्ण नावे वगळता २१ ते ९९ या पट्ट्यात बहात्तर संख्या उरतात आणि त्यांपैकी एकोण या घटकाने सुरू होणाऱ्या सात सोडल्या तर बाकी सर्व या उलट्या क्रमाने बोलल्या जातात. हा काही मराठीचा दोष वा विशेष नव्हे. संस्कृतातून आलेल्या बहुतेक भारतीय भाषांत तो आहे. जर्मन, डच आणि अरबी या भाषांतही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रूपांची झीज. 'दोन' हा शब्द बावीसमध्ये 'बा', बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे' आणि ब्याण्णवमध्ये 'ब्या' असा होतो. यांपैकी एकातही 'दोन' ऐकू येत नाही. दशकांचेही तसेच. 'पन्नास' हा शब्द बावन्नमध्ये 'वन्न' आणि त्रेपन्नमध्ये 'पन्न' होतो, 'सत्तर'चा 'हत्तर' होतो, 'नव्वद'चा 'ण्णव' होतो. भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही रूपे मोहक वाटतील. संस्कृतातील द्वि आणि प्राकृतातील बे यांच्या खुणा त्यांत सापडतात. परंतु सात वर्षांच्या मुलाला हा इतिहास उपलब्ध नसतो. त्याच्या दृष्टीने 'बासष्ट' हा साठ आणि दोन यांपासून बनलेला शब्द नसून पाठ करावयाचे एक अखंड नाव असते. जर्मन मुलाला 'फुन्फउंडत्स्वान्झिश' या शब्दात पाच, आणि, वीस हे तिन्ही घटक सुटे ऐकू येतात. मराठी मुलाला ती सोय नाही. म्हणूनच जर्मन भाषेतील निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत रंजक व सर्वांत दुर्लक्षित आहे. ती म्हणजे 'एकोण'. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस येथपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्यांची नावे बेरजेने नव्हे तर वजाबाकीने बनलेली आहेत. संस्कृतातील 'एकोन' म्हणजे एकाने ऊन, म्हणजेच कमी. वजाबाकी शिकविताना 'पाच उणे दोन' म्हणताना येणारा 'उणे' आणि एकोणतीसमधील 'ओण' ही एकाच मुळाची रूपे आहेत, हे शिक्षकाने एकदा फळ्यावर मांडून दाखविले तर त्या आठ शब्दांचे कोडे उलगडण्यास मोठी मदत होईल. लॅटिन भाषेतही एकोणीससाठी 'वीसातून एक' अशा अर्थाचा शब्द होता, तेव्हा ही रीत जगावेगळी नाही. मात्र नव्व्याण्णवपाशी मराठी हा नियम मोडते. तिथे 'एकोणशंभर' होत नाही. नऊ आणि नव्वद यांची बेरीजच होते. हिंदीने नवासी म्हणून एकोणनव्वदपाशीच नियम सोडला. मराठीने तो तिथे सांभाळला आणि एका दशकानंतर सोडला.

अठ्ठावीसनंतर एखादे मूल 'नववीस' म्हणाले, तर मोठी माणसे हसतात. परंतु सत्तावीस, अठ्ठावीस या क्रमातून नियम शोधून पुढचा शब्द त्याने स्वतः घडविलेला असतो. अमेरिकन संशोधक जीन बर्को यांनी १९५८ मध्ये निरर्थक शब्दांच्या साहाय्याने दाखवून दिले होते की मुले केवळ ऐकलेले शब्द पाठ करीत नाहीत, तर त्यामागील नियम उचलून तो नव्या शब्दाला लावतात. 'नववीस' हा त्याच क्षमतेचा पुरावा होय.

इतर भाषांतील पुरावा

चिनी भाषेत अकराला 'दहा एक' आणि एकवीसला 'दोन दहा एक' अशा अर्थाचे शब्द आहेत. केव्हिन मिलर व जेम्स स्टिग्लर यांनी १९८७ मध्ये चिनी आणि अमेरिकन बालकांच्या गणनेची तुलना प्रसिद्ध केली. पुढे १९९५ मध्ये मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की एक ते दहापर्यंत मोजण्यात दोन्ही गटांत फारसा फरक नाही. इंग्रजीतील अनियमित शब्द जिथे सुरू होतात त्या अकरा ते वीसच्या टप्प्यावर अमेरिकन मुले मागे पडू लागतात. फरक मुलांच्या सर्वसाधारण बुद्धीत असता, तर तो नेमका त्याच टप्प्यावर उमटला नसता.

इथे सावधगिरीही आवश्यक आहे. पूर्व आशियाई भाषा बोलणारी मुले दशकांचे ठोकळे वापरून संख्या दाखवितात व इंग्रजी भाषक मुले सुटे ठोकळे मोजत बसतात, असे आयरीन मिउरा यांनी मांडले होते. जॉन टाउझ व मॅथ्यू सॅक्स्टन यांनी १९९७ मध्ये दाखविले की सूचना देण्याची पद्धत थोडी बदलली की इंग्रजी भाषक मुलेही दशकांचे ठोकळे वापरतात. म्हणजे भाषा वाट सुचविते. दुसरी वाट बंद करीत नाही.

उलट्या क्रमाविषयीचा थेट पुरावा जर्मन भाषेतून मिळतो. झुबर, पिक्सनर, मोएलर व न्यूर्क या संशोधकांनी २००९ मध्ये ऑस्ट्रियातील जर्मन भाषक मुलांच्या संख्यालेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी केलेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या चुका एकक-दशकांच्या उलटापालटीशी निगडित होत्या. याच गटाचा २०११ मधील चेक भाषेवरील अभ्यास अधिक निर्णायक म्हणावा लागेल, कारण चेक भाषेत एकाच संख्येसाठी 'वीस पाच' आणि 'पाच आणि वीस' अशा दोन्ही धाटणीची नावे प्रचलित आहेत. तीच मुले, तीच शाळा, तेच शिक्षक. केवळ शब्दाची धाटणी बदलली, आणि उलट्या धाटणीत उलटापालटीच्या चुका ठळकपणे वाढल्या. मूल तेच असताना चूक बदलते, तेव्हा चुकीचे कारण शब्दात शोधणे क्रमप्राप्त ठरते.

परंतु सरळ क्रम असलेल्या भाषांतील मुले चुकत नाहीत असे नाही. पॉवर व दाल मार्टेल्लो यांनी १९९० मध्ये इटालियन भाषक सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा 'शंभर सहा' अशा अर्थाचा शब्द ऐकून १००६ लिहिणारी मुले त्यांना आढळली. शंभर ऐकले म्हणून १००, सहा ऐकले म्हणून ६. शब्दाशी प्रामाणिक राहूनच ही चूक होते. पहिल्या संख्येतील शून्ये ही पुढच्या अंकांसाठी राखलेली जागा आहे, हे स्थानमूल्याचे तत्त्व शब्द सांगत नाही. ते निराळे शिकावे लागते.

सन २०१९ चा वाद

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने, म्हणजे बालभारतीने, शैक्षणिक वर्ष २०१९-२० साठी इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक आणले. त्यात २१ ते ९९ या संख्यांच्या वाचनासाठी 'वीस एक', 'तीस दोन' अशी पद्धत देण्यात आली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्षा ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर या होत्या. बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम एक असावा आणि जोडाक्षरांनी भरलेल्या शब्दांमुळे गणिताची भीती बसू नये, अशी या बदलामागील भूमिका होती. जून २०१९ मध्ये त्यावरून वृत्तपत्रांत, समाजमाध्यमांवर आणि विधिमंडळातही वाद झाला. मराठी भाषेचे सौंदर्य नष्ट होत आहे, असा आक्षेप एका बाजूने घेतला गेला. विनोद तर अनेक झाले. मंगला नारळीकर यांचे २०२३ मध्ये निधन झाले. 'वीस एक' ही पद्धत लोकव्यवहाराच्या बोलण्यात रुळली नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी वर सांगितलेल्या तीन अडचणी एकाच गाठोड्यात बांधल्या. 'वीस पाच' ही रचना क्रम सरळ करते, झिजलेल्या रूपांऐवजी मूळ शब्द देते आणि 'एकोण'ची वजाबाकीही टाळते. तीनही अडचणींवर एकदम उपाय, ही या पद्धतीची खरी ताकद होती आणि ती पुरेशी सांगितली गेली नाही. त्याचबरोबर तिच्यातून निर्माण होणाऱ्या नव्या अडचणीही सांगितल्या गेल्या नाहीत. इटालियन मुलांप्रमाणे 'वीस पाच' ऐकून २०५ लिहिण्याचा मोह मराठी मुलालाही होऊ शकतो. 'पंचवीस' या शब्दात तो धोका नाही. शिवाय मराठीत 'वीसेक माणसे' म्हणजे सुमारे वीस माणसे. 'वीस एक' आणि 'वीसेक' यांच्या उच्चारात अंतर फार थोडे आहे. नेमकी संख्या सांगणारा शब्द अंदाज सांगणाऱ्या शब्दाला जाऊन भिडतो, ही भाषाबोधाच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हे.

असा बदल करू पाहणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य नव्हते. नॉर्वेमध्ये १९५१ साली संसदेच्या निर्णयाने 'सात आणि वीस' ही जुनी धाटणी सोडून 'वीस सात' ही धाटणी अधिकृत करण्यात आली. तिथे प्रेरणा शाळेची नव्हती, दूरध्वनीची होती. दूरध्वनी क्रमांक ऐकताना होणारे घोटाळे टाळावेत म्हणून दूरध्वनी प्रशासनाने हा आग्रह धरला होता. तरीही जुनी धाटणी बोलण्यातून जाण्यास अनेक दशके लागली. जर्मनीत बोखुम विद्यापीठातील गणितज्ञ लोथार गेरिट्झन यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये एक संस्था स्थापन झाली. तिचे नाव 'त्स्वान्झिशआइन्स' असे आहे. या शब्दाचा मराठी अनुवाद 'वीसएक' असाच होतो! उलट्या धाटणीबरोबरच सरळ धाटणीही शिकवावी, अशी तिची मागणी आहे. मराठीतील वाद अस्मितेकडे वळण्यापूर्वी या दोन उदाहरणांची चर्चा झाली असती, तर तो अधिक फलदायी ठरला असता.

वैरागच्या बाजारातील संख्या

बार्शी तालुक्यातील वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव. अशा गावातील मुलाच्या कानांवर एकाच दिवसात संख्येच्या किती भाषा पडतात, हे पाहण्यासारखे आहे. घरी 'पंचवीस'. सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित इंग्रजीतून असल्याने 'ट्वेन्टी फाइव्ह'. मोबाइल क्रमांक सांगताना वडीलधारी मंडळी 'अठ्ठ्याण्णव बावीस' अशा जोड्या करतात, तर तरुण सुटे इंग्रजी अंक सांगतात. आणि बाजारात सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे.

हीच मुले सोलापुरात गेली की संख्येच्या आणखी दोन घडणी त्यांच्या कानांवर येऊ शकतात. पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर समाजात पंचवीसला 'इरवै ऐदु' म्हणतात आणि अक्कलकोटकडच्या कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु'. दोन्हींचा अर्थ 'वीस पाच'. एकोणतीसदेखील या दोन्ही भाषांत 'वीस नऊ' असेच असते. ज्या धाटणीला २०१९ मध्ये परकी, कृत्रिम म्हणून हिणविले गेले, ती सोलापूर जिल्ह्यातील हजारो घरांत पिढ्यान् पिढ्या बोलली जात आहे. मातृभाषा तेलुगू वा कन्नड असलेल्या आणि मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला तर दिवसातून दोनदा संख्येची दिशा बदलावी लागते.

एलिझाबेथ स्पेल्के व सॅना त्सिव्हकिन यांनी २००१ मध्ये रशियन व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या प्रौढांवर केलेला प्रयोग येथे उपयुक्त आहे. नेमकी आकडेमोड ज्या भाषेत शिकविली त्या भाषेत ती त्यांना जलद जमे. दुसऱ्या भाषेत विचारले की वेळ लागे. अंदाजी आकडेमोडीत मात्र भाषा बदलल्याने फरक पडत नसे. 'पंचाहत्तर म्हणजे किती?' असे विचारणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला मराठी येत नाही म्हणून नाके मुरडली जातात. त्याच्या बाबतीत एवढेच झालेले असते, की नेमक्या संख्येची त्याची साठवण इंग्रजी शब्दांत झालेली असते.

बाजाराच्या भाषेचा आणखी एक विशेष असा की तिच्यातही उणे करणे दडलेले आहे. 'पावणेदोनशे' म्हणजे दोनशेला शंभराचा पाव भाग कमी. येथे 'पाव' कशाचा हे शब्द सांगत नाही; पुढच्या 'शे' वरून ते ओळखावयाचे असते. 'पावणेसात हजार' म्हटले की तोच पाव अडीचशेचा होतो. दशमान नाणेपद्धती १९५७ मध्ये येण्यापूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांची उजळणी शाळेत होत असे. आज त्या शाळेतून गेल्या आहेत, पण त्यांमागील तर्क बाजारात जिवंत आहे. ज्वारी-तुरीच्या भावाची बोलणी करणारा शेतकरी पावणेसात हजारांचा अर्थ लावण्यास क्षणाचाही विलंब लावीत नाही.

बाजारातील ही तर्कक्षमता शाळेत का पोचत नाही? तेरेझिन्हा नुनिस, डेव्हिड कॅराहर व ॲनालुसिया श्लिमान यांनी १९८५ मध्ये ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विक्री करताना विचारलेली उदाहरणे मुलांनी ९८ टक्के बरोबर सोडविली. तीच गणिते कागदावर केवळ अंकांत दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले; शाब्दिक उदाहरणांच्या रूपात ते ७४ टक्के होते. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बाजारातील गणित शाळेत आणि शाळेतील गणित बाजारात सहजी पोचत नाही, असेच आढळले. रेसिफेच्या अभ्यासात मुलांची संख्या अवघी पाच होती, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. परंतु नंतरच्या मोठ्या अभ्यासाने त्याची दिशा उचलून धरली आहे.

वर्गातील वही

यावरून शिक्षकाच्या हाती काय येते, हा प्रश्न उरतो. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतून संख्यालेखनाच्या चुका बरोबर किंवा चूक एवढ्याच खुणांनी तपासण्याची सवय लावली जाते. वस्तुतः श्रुतलेखनाच्या वहीतील प्रत्येक चूक आपले कारण स्वतःच सांगत असते. 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणाऱ्या मुलाने शब्दाचे दोन्ही भाग अचूक ओळखले आहेत. त्याला केवळ थांबण्याची, म्हणजे पूर्ण शब्द ऐकून मग लिहिण्याची, सवय हवी आहे. २०५ लिहिणाऱ्या मुलाला क्रम समजला आहे, स्थानमूल्य समजलेले नाही. त्याला दशकांच्या जुड्या आणि सुट्या काड्या यांकडे परत न्यावे लागेल. 'बासष्ट' ऐकून ७२ लिहिणाऱ्या मुलाची अडचण या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. त्याला सष्ट आणि हत्तर या झिजलेल्या रूपांमागे साठ व सत्तर आहेत हे कुणी सांगितलेले नाही. तीन चुका, तीन कारणे. आणि तिघांनाही दिले जाते ते एकच औषध, म्हणजे एक ते शंभर पुन्हा पाच वेळा लिहून आणणे.

'वीस पाच' ही धाटणी पंचवीसला पर्याय म्हणून नव्हे, तर पंचवीसचा अर्थ उलगडून सांगणारी पायरी म्हणून वर्गात वापरता येईल. चेक मुले दोन धाटण्या सांभाळतात, सोलापूरची तेलुगू भाषक मुलेही सांभाळतात. 'पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच' असे शिक्षकाने म्हणण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही. मात्र मराठी मुलांच्या चुकांचे प्रमाण काय, त्यांतील किती उलट्या क्रमामुळे आणि किती रूपांच्या झिजेमुळे, हे वैराग वा बार्शी परिसरातील शाळांच्या वह्यांतूनच मोजावे लागेल. ऑस्ट्रियातील आकडा येथे उसना चालणार नाही. महाविद्यालयातील मानसशास्त्र, मराठी आणि गणित या तीन विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे हे काम आहे. त्यासाठी खर्चही नगण्य आहे: चाळीस संख्यांची एक यादी, दुसरीचा एक वर्ग आणि चुकांची वर्गवारी करण्यासाठी एक तक्ता.

त्या तक्त्यात चौथा रकाना 'एकोण'साठी राखावा लागेल. जर्मन, इटालियन वा चिनी मुलांच्या अभ्यासांत ही चूक सापडणार नाही, कारण त्या भाषांत तिला जागाच नाही. 'एकोणपन्नास' ऐकून मूल ५९ लिहिते. एकोणने सुरू होणाऱ्या शब्दाच्या शेवटी नऊ येतात हे त्याने अनुभवाने जाणलेले असते, आणि पन्नास तर त्याने स्पष्ट ऐकलेले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, दोन्ही जोडून काढलेले उत्तर मात्र दहाने चुकते. परीक्षा विभागातील तक्त्यात एकोणसाठच्या जागी ६९ लिहिणाऱ्या प्राध्यापकांचा हात नेमक्या याच वाटेने गेलेला असतो.